केगमागचा वायू : घरगुती बिअरच्या एका उपेक्षित अंगाचा आढावा

घरच्या घरी बिअर करण्याचा छंद ज्या देशांत कायद्याने मान्य झालेला आहे, त्या देशांत या विषयावर गेल्या अर्धशतकात जे विपुल लेखन झाले, त्याचा फार मोठा भाग स्वच्छतेच्या विवेचनाने व्यापलेला आहे. पातेली कशी घासावीत, आंबवणाची भांडी कशाने खळबळावीत, तळाशी बसलेला यीस्टचा साका कसा काढावा आणि ज्या नळीतून तयार बिअर पेल्यात उतरते ती किती दिवसांनी धुवावी, याविषयी त्या लेखनात इतका बारकाईचा विचार आढळतो की, नवशिक्याला बिअरच्या चवीआधी त्या शिस्तीचा धाकच जाणवू लागतो. परंतु ही सर्व दक्षता बिअर ज्या मार्गाने जाते त्या मार्गापुरतीच. तिच्यामागून जो वायू येतो, जो तिच्यात विरघळून तिला फेस आणि तजेला देतो आणि आपल्या दाबाने तिला पिंपाबाहेर लोटतो, त्या कार्बन डायऑक्साइडच्या मार्गाकडे, म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या, झडपा आणि त्यांतील रबरी वायसर यांच्याकडे, पाहण्याची फुरसत फार थोड्यांना होते. काही बिघडले म्हणजेच त्यांची आठवण येते, आणि तोवर एक तर बिअर नासलेली असते, नाहीतर सिलिंडर रिकामा झालेला असतो.

वायूच्या बाजूला जडणारे रोग मुळात दोनच आहेत. पहिला, बिअरने वायूच्या वाटेत शिरण्याचा. दुसरा, वायूने त्या वाटेतून निसटण्याचा. पहिल्यावर धुणे हा उपाय आहे, आणि दुसऱ्यावर धुण्याचा काडीचाही उपयोग नाही. या विषयावर जे वाद माजलेले दिसतात त्यांतील बहुतेक हा भेद न केल्यामुळे माजले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे; ज्याला नळी धुवायला हवी तो वायसर बदलत बसतो, आणि ज्याला वायसर बदलायला हवा तो धुण्याची पूड आणायला धावतो.

हा छंद आज जितका निरुपद्रवी दिसतो तितका तो सरकारी दप्तराला सदैव वाटत होता, असे नाही. इंग्लंडात १८८० पासून घरी बिअर करण्यास परवाना लागे. ती अट १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी आपल्या अंदाजपत्रकात रद्द केली. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मुभा मिळाली, पण घरच्या बिअरचा उल्लेख राहून गेला, आणि ती उणीव भरून निघण्यास १९७८ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने झालेल्या त्या कायद्याचा अंमल पुढील फेब्रुवारीपासून सुरू होऊन एकट्या प्रौढाच्या घरास वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर करमुक्त करण्याची परवानगी मिळाली. तरी राज्यांचे कायदे आपापल्या गतीनेच बदलले, आणि मिसिसिपी व अलाबामा या दोन राज्यांतील छंदिष्टांना २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू असून परवान्यावाचून मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे. सबब पुढील मजकूर येथील वाचकाने घरी प्रयोग करावेत म्हणून लिहिलेला नाही. परंतु परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या तळघरांतून आणि गॅरेजांतून केगचे शीतकपाट आता अधूनमधून दृष्टीस पडते, आणि पाहुण्यांपुढे पेला धरणाऱ्या यजमानाच्या चेहऱ्यावरील कौतुक पाहिले म्हणजे त्या कपाटाच्या पाठीमागे डोकावून पाहण्याचा मोह अनावर होतो.

तेथे जे पिंप उभे असते ते मुळात बिअरचे नव्हेच. अमेरिकेतील शीतपेयांच्या धंद्यात सरबताचा पाक दुकानोदुकानी पोहोचवण्यासाठी सुमारे १९ लिटरांची, म्हणजे ५ अमेरिकन गॅलनांची, उंच व सडपातळ अशी गंजरोधी पोलादाची जी पिंपे वापरात होती, ती कॉर्नेलियस या कंपनीच्या नावाने ओळखली जात. पुढे तो धंदा खोक्यातील पिशव्यांकडे वळला, पिंपे निरुपयोगी होऊन मोडीच्या भावाने बाजारात आली, आणि घरी बिअर करणाऱ्यांनी ती हातोहात उचलली. पेप्सीच्या गोतातील पिंपांचे जोड एका तऱ्हेचे आणि कोका-कोलाच्या गोतातील दुसऱ्या तऱ्हेचे, हा त्या दोन कंपन्यांतील जुना वेगळेपणा या छंदात आजतागायत वारसाहक्काने चालत आला आहे, आणि नवख्या माणसाची पहिली फसगत होते ती बहुधा येथेच.

या पिंपाच्या माथ्यावर दोन तोंडे असतात. एकातून वायू आत शिरतो. त्याच्या खाली जेमतेम बोटभर लांबीची नळी असते. दुसऱ्यातून बिअर बाहेर पडते. त्याची नळी थेट तळापर्यंत गेलेली असते. वायूचा जोड रिवाजाने करड्या रंगाचा आणि बिअरचा काळा. वायूच्या तोंडाच्या षट्कोनी नटावर खाचा पाडलेल्या असतात, त्या अंधाऱ्या कपाटात बोटांना कळाव्यात म्हणून. ज्याने घाईत करडा जोड बिअरच्या तोंडावर दाबून बसवला आहे आणि मग तो काढताना पक्कड शोधली आहे, त्याला त्या खाचांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

बिअर आणि हा वायू यांचे नाते फार जुने आहे, आणि त्यात एक गंमतही आहे. जोसेफ प्रीस्टले हा धर्मोपदेशक १७६७ साली लीड्स येथे एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहावयास गेला, तेव्हा आंबवणाच्या कुंडांवर साचणाऱ्या जड वायूचे त्याला कुतूहल वाटले. त्या थरात पाणी धरून ते एका पेल्यातून दुसऱ्यात ओतत राहिले असता पाणी चुणचुणीत होते, हे त्याच्या ध्यानात आले, आणि १७७२ साली त्याने त्या कृतीवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. सोडावॉटरचा सारा व्यवसाय, आपल्याकडील गोटीसोड्यासकट, त्या शोधाचा ऋणी आहे. बिअरच्या कुंडावरून सोड्याने उचललेले ते ऋण, सोड्याने टाकून दिलेल्या पिंपांच्या रूपाने, दोनशे वर्षांनी बिअरला परत मिळाले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वायूची नळी धुवावी की न धुवावी, याविषयी घरगुती मंडळींत दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो की, नळीतून कोरडा आणि शुद्ध वायू वाहतो, त्यात प्राणवायूचा लवलेश नाही, तेव्हा तेथे जंतू जगणार कसे आणि धुवायचे तरी काय? दुसरा पंथ जे जे बिअरच्या सावलीत येते ते ते धुतलेच पाहिजे असे मानून रेग्युलेटरच्या तोंडापर्यंत साबण नेतो. पहिल्या पंथाचे गृहीतक नळी कोरडी असेल तोपर्यंत खरे आहे. परंतु एकदा का तिच्यात बिअरचे दोन थेंब शिरले की त्याचा पाया ढासळतो. बिअरचा शिरका करणारे ॲसेटोबॅक्टर प्राणवायूवाचून वाढत नाहीत हे खरे; पण बिअर आंबवणारे लॅक्टोबॅसिलस आणि तिला शिळ्या लोण्यासारखा वास आणणारे पीडिओकॉकस यांना प्राणवायूची गरज लागत नाही. त्यांना ओल हवी आणि थोडी उरलीसुरली साखर हवी. दोन्ही त्या दोन थेंबांत असतात. शिवाय जी नळी एका पिंपाला जोडली तीच पुढच्या पिंपाला जोडायची असते, त्यामुळे एका खेपेची घाण पुढच्या खेपेच्या माथ्यावर वायूच्या झोताबरोबर शिंपडली जाते.

बिअर उलट्या वाटेने जाते कशी, हे पाहिल्यावाचून उपाय सांगणे व्यर्थ आहे. पहिले कारण अतिलोभाचे : पिंप काठोकाठ भरले की वायूची आखूड नळी बिअरमध्ये बुडते, आणि जोड लावताक्षणी बिअर वर चढते. दुसरे कारण दाबाच्या विषमतेचे. पिंपात आधीच २५ पौंडांचा दाब आहे (येथे आणि पुढे पौंड म्हणजे दर चौरस इंचावरील पौंड) आणि रेग्युलेटर १० वर ठेवला आहे, अशा स्थितीत दोघांना जोडले तर वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे पिंपातून रेग्युलेटरकडे, धावणार आणि फेसाला सोबत घेऊन जाणार. निसर्गाला आपल्या जोडांचे रंग कळत नाहीत. तिसरे कारण उतावीळपणाचे. विल्यम हेन्री याने १८०३ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे द्रवात विरघळणारा वायू दाबाच्या प्रमाणात वाढतो, आणि द्रव जितका थंड तितका तो अधिक सामावतो. ३८ अंश फॅरनहाइटला १२ पौंडांखाली बिअर आठवड्या-दोन आठवड्यांत आपल्या आकारमानाच्या अडीच पट वायू स्वस्थपणे शोषून घेते. परंतु शनिवारी पाहुणे यायचे असतात, आणि मग पिंप आडवे करून, ३० पौंडांचा दाब लावून, ते मांडीवर वा जमिनीवर मागेपुढे लोळवण्याचा प्रयोग सुरू होतो. आडव्या पिंपात वायूचे तोंड बिअरखाली गेलेले असते. सिलिंडर मध्येच संपला किंवा कोणी रेग्युलेटर उतरवला, की बिअरला परतीची वाट मोकळी.

अशा प्रयोगानंतरचा एक करडा जोड उलगडलेला पाहण्याचा योग मला एका आप्ताच्या तळघरात आला. त्याच्या माथ्यावर प्लॅस्टिकची खाचेची टोपी असते; नाणे घालून फिरवली की ती निघते, आणि तिच्याखाली एक रबरी चकती, एक खुंटी आणि एक बारीक स्प्रिंग हाती लागते. स्प्रिंगच्या वेढ्यांत मधाच्या रंगाचा चिकट लेप बसला होता. खुंटीच्या बुडाशी तो लेप काळपट झाला होता आणि बोटाने खरवडताच आंबट, किंचित कुबट वास आला. जोडापासून वीतभर अंतरापर्यंत नळीच्या आतल्या अंगावर पिवळसर थेंबांची रांग वाळून चिकटली होती; त्यापुढची नळी नव्यासारखी स्वच्छ होती. "ही गॅसची बाजू, मामा, इथे कशाला काय होतंय," असे जो भाचा पाच मिनिटांपूर्वी मला समजावत होता, त्याने मुकाट्याने ती नळी कापून केराच्या डब्यात टाकली, आणि मला वाटते त्याचे करणे योग्य होते. काही डॉलरांत मिळणारी नळी तासभर भिजवून, खंगाळून, वाळवून पुन्हा वापरण्यात काटकसर थोडी आणि धोका अधिक.

ज्यांना धुवायचेच असेल त्यांनी नळी रेग्युलेटरपासून आधी सुटी करावी. सोडियम परकार्बोनेटचे किंवा 'पीबीडब्ल्यू' नावाने मिळणाऱ्या पुडीचे कोमट द्रावण अर्धा तास तिच्यात राहू द्यावे, स्वच्छ पाण्याने दोनदा निथळावे, फॉस्फोरिक आम्लयुक्त 'स्टार सॅन'सारखे जंतुनाशक खेळवावे आणि नळी टांगून पूर्ण वाळू द्यावी. ओली नळी जोडण्यापेक्षा न धुतलेली कोरडी नळी बरी. जोडातील खुंटी, स्प्रिंग आणि पिंपाच्या तोंडातील झडप ही मात्र प्रत्येक पिंप रिकामे झाल्यावर काढून त्याच द्रावणात टाकावीत, कारण ती बिअरच्या तोंडाशीच नांदतात. क्लोरीनचे ब्लीच दूर ठेवावे. त्याने गंजरोधी पोलादालाही बारीक छिद्रे पडतात, आणि आम्लाशी त्याची गाठ पडली तर विषारी क्लोरीन सुटतो.

दाहक सोड्याची गोष्ट निराळी आहे आणि ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील बिअर उत्पादकांच्या संघटनेने नळाच्या बिअरविषयी जी नियमावली प्रसिद्ध केली आहे, तिच्यात बिअरच्या नळ्या दर दोन आठवड्यांनी दाहक द्रावणाने आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने धुण्याचा दंडक आहे. तो पाहून उत्साही गृहस्थ वायूने भरलेल्या पिंपातच दाहक सोडा ओततात. परंतु दाहक सोडा आणि कार्बन डायऑक्साइड हे जन्माचे शत्रू. सोडा त्या वायूला झपाट्याने गिळून स्वतःचे कार्बोनेट करून घेतो. म्हणजे एकीकडे धुण्याची ताकद गेली, आणि दुसरीकडे बंद भांड्यातील वायू नाहीसा होऊन आत निर्वात झाला. कारखान्यांतील प्रचंड टाक्या अशा चुकीने बाहेरच्या हवेच्या दाबाखाली चेपल्या गेल्याची उदाहरणे या धंद्यात सर्वश्रुत आहेत. घरचे पिंप भक्कम असल्यामुळे ते बहुधा चेपत नाही. पण सोडा वाया जातो तो जातोच. म्हणून आधी झाकण काढून वायू घालवावा आणि मग सोड्याला हात लावावा, तोही हातमोजे आणि चष्मा घालून.

रेग्युलेटर धुवू नये. सिलिंडरातील सुमारे ८५० पौंडांचा दाब १०-१२ पौंडांवर आणणारे हे यंत्र म्हणजे एक पडदा, एक स्प्रिंग आणि एक सूक्ष्म बैठक. त्या बैठकीवर धुळीचा कण जरी अडकला तरी झडप पुरती मिटत नाही, आणि रात्री १० वर ठेवलेला काटा सकाळी १८ वर चढलेला दिसतो. या चढत्या काट्यास लोक रेग्युलेटरचा बिघाड समजतात. पुष्कळदा तो नुसता कचरा असतो, आणि तो कचरा सिलिंडरच्या तोंडातून आलेला असतो. म्हणून भरून आणलेल्या सिलिंडरला रेग्युलेटर लावण्यापूर्वी त्याचे तोंड माणसांपासून दूर वळवून झडप क्षणभर किंचित उघडून मिटावी, म्हणजे धूळ उडून जाते. वेल्डिंगवाले हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा, कारण आडवा झाल्यास द्रव वायू रेग्युलेटरात शिरून पडद्याची वाट लागते. आणि रेग्युलेटरात बिअर शिरलीच असेल तर त्याची दुरुस्ती घरी करू नये. त्याचे अंग पितळेचे असते; कार्बन डायऑक्साइडने आम्ल झालेली ओल पितळेतील तांबे विरघळवते, आणि आतून हिरवी पडलेली बैठक पुन्हा विश्वासाची राहत नाही. या सगळ्यावर एक स्वस्त प्रतिबंध आहे, तो म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायची एकेरी झडप, जी वायूला पुढे जाऊ देते आणि मागे येऊ देत नाही. वायूच्या बाजूवर खर्च करायचा असेल तर पहिला खर्च हिच्यावर व्हावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा रोग गळतीचा, आणि प्रत्यक्षात त्याचाच उपद्रव अधिक. थोडे गणित मांडतो. १९ लिटर थंड बिअरला अडीच पट वायू पुरवण्यास, तिच्यात आंबवणातून उरलेला वायू वजा जाता, सुमारे ६० ग्रॅम लागतात. आणि ती १२ पौंडांच्या दाबाखाली शेवटच्या पेल्यापर्यंत बाहेर लोटण्यास आणखी सुमारे ६७. म्हणजे एका पिंपाला साधारण १३० ग्रॅम. घरगुती मंडळींचा आवडता सिलिंडर ५ पौंड वजनाचा, म्हणजे सव्वादोन किलोच्या किंचित वर वायू असलेला. कागदावर तो सतरा पिंपांना पुरायला हवा. भाच्याच्या वर्तुळातील ज्यांना ज्यांना विचारले त्यांच्यापैकी कोणाचाही सिलिंडर याच्या जवळपासदेखील पोहोचत नव्हता. तफावतीपैकी काही भाग पिंपातील हवा हाकलण्यात खर्च होतो, तो कारणी लागतो. उरलेला गळतीतून जातो, आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही.

गळतीचा शोध साबणाच्या पाण्यानेच घ्यावा. स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडावर फेस लावून पाहण्याची सवय असलेल्या मराठी घराला हे नवीन नाही. पण त्याआधीची एक चाचणी अधिक बोलकी आहे. व्यूहात दाब भरून सिलिंडरची झडप बंद करावी, जास्त दाबाच्या काट्याची नोंद घ्यावी आणि रात्रभर थांबावे. सकाळी काटा जागचा हलला असेल तर कोठेतरी गळती आहे. येथे एक चकवा आहे, आणि अनुभवी माणसेही त्यात फसतात : पिंप जोडलेले असेल आणि त्यातील बिअर अजून वायू शोषत असेल, तर गळती नसतानाही काटा उतरतो. म्हणून प्रथम सारे जोड पिंपावरून काढून फक्त रेग्युलेटर व नळ्या तपासाव्यात, त्या निर्दोष ठरल्यावर एकेक पिंप जोडत जावे. दोष कोणत्या टप्प्यावर प्रकटतो ते पाहिले की दोषी सापडतो.

अपराधी बहुतकरून ठरलेलेच असतात. अमेरिकेत सीजीए ३२० या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सिलिंडरच्या जोडात एक चपटा वायसर असतो. तो दर वेळी नवा घालावा. मात्र काही रेग्युलेटरांच्या तोंडातच रबरी कडी बसवलेली असते, तेथे वरून दुसरा वायसर घातला की गळती थांबण्याऐवजी सुरू होते. या जोडाच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळण्याची हौस पुष्कळांना असते. तिचा काही उपयोग नाही, कारण येथे वायू आट्यांनी नव्हे तर वायसराने अडवला जातो. नंतर पिंपाच्या पाच रबरी कड्या : झाकणाची एक, दोन तोंडांच्या दोन आणि आतील नळ्यांच्या दोन. कुकरची रिंग जशी कडक होऊन वाफ सोडू लागते तसाच यांचाही शेवट होतो, आणि जुन्या शीतपेयाच्या पिंपाच्या कड्यांत कोला इतकी मुरलेली असते की त्या धुवून नव्हे, बदलूनच तिचा वास जातो. त्यांना खाद्योपयोगी सिलिकोनचे वंगण लावावे. व्हॅसलीन लावू नये, कारण पेट्रोलियमचे वंगण या कड्यांच्या जातीचे काही रबर फुगवते आणि बिअरचा फेसही मारते. झाकण लावल्यावर एकदा ३० पौंडांचा दाब देऊन ते नीट बसवावे आणि मग दाब उतरवावा. दहा पौंडांवर आळसावलेले झाकण कडेने हळूहळू वायू सोडत राहते.

सिलिंडरमध्ये किती वायू उरला, हे काटा सांगत नाही, तराजू सांगतो. आत द्रवाचा शेवटचा थेंब असेतोपर्यंत दाब केवळ तपमानावर ठरतो. ७० अंश फॅरनहाइटला तो सुमारे ८५० पौंड, तर शीतकपाटात ४ अंश सेल्सिअसला ५५०च्या आसपास. कपाटात ठेवताच काटा एकदम खाली आलेला पाहून सिलिंडर निम्मा संपला अशी समजूत करून घेणारे बरेच असतात, आणि काटा स्थिर आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्यांचा सिलिंडर ऐन मेजवानीत अचानक संपतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेले असते. ते वजा करावे, म्हणजे हिशेब चोख मिळतो.

३१ अंश सेल्सिअसच्या वर मात्र द्रव आणि वायू हा भेदच संपतो आणि दाब भराभर चढतो. म्हणून भरताना सिलिंडरात त्याच्या पाण्याच्या क्षमतेच्या ६८ टक्के वजनापलीकडे वायू घालत नाहीत, आणि झडपेत ठराविक दाबाला फुटणारी एक चकती बसवलेली असते. ॲरिझोनातील उन्हाळ्यात बंद गॅरेजमध्ये किंवा मोटारीच्या डिकीत सिलिंडर सोडणारा गृहस्थ त्या चकतीवर अवास्तव भिस्त ठेवतो.

अमेरिकेत या सिलिंडरांची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते, महिना आणि साल धातूवर ठोकले जाते, आणि मुदत उलटलेला सिलिंडर जबाबदार दुकानदार भरून देत नाही. भारतात हा कारभार १८८४ च्या स्फोटक कायद्याखालील २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनी चालतो, आणि त्याचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे. जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेथेच ते असावे, हा योग मोठा समर्पक. घरी बिअर करणाऱ्या अनिवासी वाचकाला येथे एक व्यावहारिक सूचना : रिकामा देऊन भरलेला घेण्याची पद्धत सोयीची आहे, कारण चाचणीचा खर्च आणि जबाबदारी त्यात दुकानदाराकडे जाते; परंतु हौसेने विकत घेतलेला चकचकीत ॲल्युमिनियमचा नवा सिलिंडर त्या अदलाबदलीत दिला की परत येईल तो पोचे पडलेला, रंग उडालेला, कोणाचा तरी जुना. ज्याला आपला तोच हवा त्याने समोर भरून देणारे दुकान शोधावे आणि खांद्यावरची तारीख स्वतः वाचावी. नायट्रोजनच्या मिश्रणावर चालणाऱ्या, गिनेसच्या धर्तीवरील बिअरचा सरंजाम निराळा, त्याचे रेग्युलेटर आणि जोड निराळे. एकाचे दुसऱ्यावर बसवण्याची खटपट करू नये.

शेवटी जिवाची गोष्ट. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे, त्याला रंग नाही, वास जवळजवळ नाही, आणि तो जमिनीलगत साचतो. अमेरिकी कामगार-सुरक्षा नियमांनी आठ तासांच्या कामासाठी त्याची सरासरी मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत ५,००० इतकी ठरवली आहे, आणि ४०,००० भाग, म्हणजे चार टक्के, ही पातळी तेथे जिवास तात्काळ धोक्याची समजली जाते. ५ पौंडांचा एक सिलिंडर पूर्ण रिता झाला तर सुमारे ४३ घनफूट वायू होतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा बंद खोलीत तो पसरला तर हवेतील त्याचे प्रमाण पाच टक्क्यांवर जाते. म्हणून तळघरातील अडगळीच्या खोलीत, जिन्याखालच्या कोनाड्यात किंवा निजण्याच्या खोलीत केगचे कपाट ठेवू नये. सिलिंडर साखळीने भिंतीस बांधावा, रात्री त्याची झडप बंद करावी आणि या वायूचा इशारा देणारे यंत्र जमिनीपासून हातभर उंचीवर लावावे. ते वाजले, किंवा खाली वाकताना डोके जड होऊन श्वास लागू लागला, तर गळती कोठे आहे हे पाहण्यासाठी क्षणभरही थांबू नये. घरातील सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि खोली पुरती वाऱ्याला लागल्यावाचून कोणासही परत आत जाऊ देऊ नये.